नळीच्या तळाशी टाका

मणक्याच्या ऑपरेशनमध्ये रक्त दिसलं म्हणून ओ.टी.त कुणी दचकत नाही. बायपोलर हाताशी असतो, पॅटी म्हणजे कापसाच्या छोट्या पट्ट्या असतात, रक्त थांबतं. हात थबकतो तो पाणी दिसल्यावर. मायक्रोस्कोपखाली काम चालू असतं, केरिसन पंच पिवळ्या लिगामेंटचे बारीक तुकडे काढत असतो, आणि अचानक तळाशी नितळ पाणी भरून येतं. सक्शन लावलं की जातं, बाजूला केलं की पुन्हा येतं. हे पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू ज्यात असतात ते सेरेब्रोस्पायनल फ्लुइड. ते दिसलं, म्हणजे ड्युरा फाटला.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात मी बरीच वर्षं नळीतून मणक्याच्या शस्त्रक्रिया करतो आहे. पेशंट त्याला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात. शिकायला येणारी तरुण मंडळी येतात ती मणक्यांमधल्या गादीचा सरकलेला तुकडा नळीतून कसा काढायचा हे बघायला. मी त्यांचा जास्त वेळ घेतो तो मात्र फाटलेला ड्युरा नळीतून कसा शिवायचा यासाठी. त्याविषयीच लिहायचं आहे.

मज्जारज्जूभोवती तीन आवरणं असतात. सर्वांत बाहेरचं आणि चिवट ते ड्युरा. चिवट म्हटलं तरी कमरेच्या भागात त्याची जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतच. त्याला आतून लागून अरॅक्नॉइडचा तलम पडदा आणि त्याच्या आत पाणी. मज्जारज्जू स्वतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली पायांकडे, लघवी-संडासच्या जागेकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा त्या पाण्यात मोकळा असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात एका वेळी हे पाणी सुमारे 150 मिलिलिटर असतं आणि दिवसभरात सुमारे 500 मिलिलिटर नव्यानं तयार होतं. त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी वाहून गेलेलं पाणी शरीर काही तासांत भरून काढतं. काळजी सांडलेल्या पाण्याची नसते. भोक उघडं राहिलं, तर माणूस उठून बसल्याबरोबर कमरेतला दाब वाढतो आणि गळती चालू राहते, काळजी त्याची असते.

ड्युरा किती वेळा फाटतो? अमेरिकेत ‘स्पोर्ट’ या नावानं गाजलेला मोठा अभ्यास झाला. त्यात मणक्याच्या अरुंद झालेल्या नलिकेच्या ऑपरेशनमध्ये सुमारे 9 टक्के, तर पहिल्यांदाच होणाऱ्या गादीच्या ऑपरेशनमध्ये सुमारे 3 टक्के पेशंटांचा ड्युरा फाटल्याची नोंद आहे. आधी एकदा ऑपरेशन झालेल्या जागी पुन्हा जायचं असेल तर धोका आणखी वाढतो, कारण जुना व्रण ड्युराला घट्ट धरून बसलेला असतो. त्याच अभ्यासात, वेळीच नीट बंद केलेल्या ड्युराच्या पेशंटांची पुढच्या काही वर्षांतली प्रकृती इतरांपेक्षा वाईट नव्हती, असंही दिसलं. हा दिलासा खरा आहे, पण तो ‘नीट बंद केलेल्या’ या अटीवर उभा आहे.

आता नळीकडे येतो. 1997 मध्ये फोली आणि स्मिथ या अमेरिकी सर्जननी नळीतून गादी काढण्याची पद्धत मांडली. पाठीचे स्नायू हाडावरून खरवडून बाजूला करण्याऐवजी एकापेक्षा एक जाड नळ्या आत सरकवत त्यांच्यात वाट करायची, शेवटची नळी टेबलाला पक्की करायची आणि सगळं काम तिच्यातून करायचं. माझ्याकडे बहुतेक वेळा ती 18 मिलिमीटर रुंद आणि सहा-सात सेंटिमीटर खोल असते. पेशंट दुसऱ्या दिवशी चालतो, दुखणं कमी, छेद बोटाच्या एका पेराएवढा. या पद्धतीवर माझा विश्वास आहे. पण तिनं दिलेल्या सगळ्या सोयी ड्युरा फाटल्यावर अडचणी होऊन समोर येतात.

एक उदाहरण सांगतो. साठी ओलांडलेल्या एक काकू, ऊसपट्ट्यातल्या. तक्रार अशी, की घरापासून देवळापर्यंत चालायचं तर मध्ये दोनदा कट्ट्यावर टेकावं लागतं, मांड्या भरून येतात, पायांत मुंग्या येतात. भांगलायला दिवसभर वाकलं तरी मात्र काही होत नाही. घरच्यांना वाटे, रानात काम होतंय आणि देवळापर्यंत जाववत नाही, हे कसलं दुखणं? पण हे वर्णनच निदान सांगत होतं. वाकलं की मणक्याची नलिका थोडी उघडते, सरळ उभं राहिलं की आवळते. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये नलिका अगदी चिंचोळी झालेली होती आणि उजवीकडच्या सांध्यातून निघालेली एक गाठ, म्हणजे सायनोव्हियल सिस्ट, ड्युराला टेकलेली होती. अशी सिस्ट ड्युराला चिकटलेली असते हे आम्हाला ठाऊक असतं. काकूंना आणि त्यांच्या मुलाला आधीच सांगितलं होतं, “ही गाठ सोडवताना आतलं आवरण फाटू शकतं. फाटलं तर तिथंच शिवायचं.”

तसंच झालं. एका बाजूनं नळी घालून दोन्ही बाजूंची नलिका मोकळी करत आणली होती. सिस्टचा शेवटचा काठ सुटताना त्याच्यासोबत ड्युराची कडाही उचलून आली. पाणी आलं.

अशा वेळी ओ.टी.त आवाज वाढू द्यायचा नाही, हा माझा नियम आहे. “सिस्टर, पॅटी. सक्शन कमी करा.” फटीवर ओली पॅटी ठेवली आणि सक्शन फक्त पॅटीवर धरलं. उघड्या फटीवर सक्शन लागलं तर आतली नस ओढली जाते, आणि ते नुकसान फाटण्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. “मॅडम, टेबल डोक्याकडून थोडं खाली घ्या.” भूलतज्ज्ञ मॅडमनी टेबल झुकवलं, कमरेतला दाब उतरला, पाण्याचा जोर ओसरला. मग लगेच शिवायला घेतलं नाही. पॅटी जागेवर ठेवून उरलेली नलिका मोकळी केली. फटीच्या दोन्ही टोकांपर्यंत दिसेल एवढं हाड ड्रिलनं काढलं. जी फट पुरती दिसत नाही ती पुरती शिवली जात नाही. घाईत अर्धवट दिसणाऱ्या फटीत सुई घालणं ही मी पाहिलेली सर्वांत महागात पडणारी घाई आहे.

फट पाच मिलिमीटरच्या आसपास होती. एक नस तिच्या काठापर्यंत वर आली होती. बोथट हुकानं तिला अलगद आत बसवलं. धागा सिक्स-ओ प्रोलीन, सुई अर्धगोल आणि बारीक. बारीक एवढ्यासाठी, की सुईचं भोक धाग्यापेक्षा मोठं राहिलं तर त्या भोकातूनच पाणी झिरपतं. नीडल होल्डर मधे बाक दिलेला, हात मायक्रोस्कोपच्या नजरेच्या आड येऊ नये म्हणून. उघड्या जखमेत सर्जन टाका घालतो तो मनगट फिरवून. नळीत मनगट फिरवायला जागाच नसते. दोन्ही हातांतली अवजारं जवळजवळ समांतर आत जातात आणि एकमेकांना अडतात. आडात पडलेली घागर ज्यानं गळानं काढली आहे त्याला हे समजेल: हात वर हलतो, काम खूप खाली होत असतं, आणि दोन्हींच्या मध्ये भिंती असतात. म्हणून होल्डर बोटांच्या चिमटीत गोल फिरवायचा. सुई तेवढीच फिरते आणि तेवढं फिरणं पुरतं.

पहिला टाका फटीच्या वरच्या टोकाला. डाव्या हातातल्या हुकानं जवळचा काठ किंचित उचलला, काठापासून मिलिमीटरभर आत सुई टेकवली आणि बाहेरून आत नेली. याच क्षणी श्वास रोखला जातो, कारण सुईचं टोक दिसेनासं होतं आणि त्याच्याखाली नसा असतात. टोक फटीत पुन्हा दिसलं तसा श्वास सुटला. पलीकडच्या काठातून सुई आतून बाहेर काढली. तो भाग सोपा, कारण टोक नसांपासून दूर चाललेलं असतं. मग धाग्याची दोन्ही टोकं नळीच्या बाहेर घेऊन गाठ बाहेर मारली आणि नॉट पुशरनं खाली सरकवत नेली. गाठ बसताना काठ एकमेकांना टेकताना दिसले पाहिजेत, आवळले जाता कामा नयेत. जास्त ओढलं तर धागा ड्युराला कापतो आणि एका फटीच्या दोन होतात. तीन टाक्यांत फट मिटली.

“मॅडम, वल्साल्वा द्या.”

“चाळीसपर्यंत नेऊ?”

“हो, आणि तिथंच धरा.”

भूलतज्ज्ञ फुप्फुसातला दाब पाण्याच्या 40 सेंटिमीटरपर्यंत नेऊन काही सेकंद धरून ठेवतात. त्यामुळे मणक्याच्या आतला दाब चढतो, पेशंट खोकल्यावर चढेल तसा. टाके टिकले. फक्त मधल्या सुईच्या भोकाशी एक थेंब जमला. तिथं काकूंच्याच चरबीचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा ठेवला आणि वरून फायब्रिन ग्लूचा पातळ थर दिला. पुन्हा वल्साल्वा. या वेळी कोरडं.

मला जे खरं म्हणायचं आहे ते आता येतं. नळीतून ड्युरा शिवणं अवघड आहे म्हणून बऱ्याच ठिकाणी शिवलंच जात नाही. कोलॅजनचा तुकडा ठेवायचा, ग्लू मारायचा, नळी काढायची. आणि त्यातले बरेच पेशंट बरे होतातही. कारण नळीचा एक मोठा फायदा इथं मदतीला येतो. उघड्या ऑपरेशनमध्ये स्नायू हाडावरून सुटलेले असतात, मागे पोकळी राहते आणि पाणी तिच्यात साठत जातं. नळीत स्नायू नुसते बाजूला सारलेले असतात. नळी काढली की ते आपल्या जागी येतात आणि पोकळी जवळजवळ उरतच नाही. पाण्याला साठायला जागा नसल्यानं छोटी गळती पुष्कळदा आपोआप थांबते.

हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं आहे, की शिवायची गरज नाही म्हणून न शिवणं वेगळं आणि शिवता येत नाही म्हणून न शिवणं वेगळं. ऑपरेशनच्या नोंदीत दोन्ही सारखीच दिसतात. सुईच्या टोकाएवढं भोक असेल, किंवा वरचा ड्युरा फाटला पण आतला अरॅक्नॉइड शाबूत असून पाणी आलंच नसेल, तर ग्लू पुरे. फट नसेच्या बगलेत किंवा ड्युराच्या पुढच्या अंगाला असेल, तिथं सुई पोहोचवण्यासाठी नस ओढावी लागणार असेल, तर चरबी किंवा स्नायूचा तुकडा आणि ग्लू हाच शहाणपणाचा मार्ग. पण समोर, मधोमध, काठ दिसणारी चार-पाच मिलिमीटरची फट आहे आणि ग्लू फक्त एवढ्यासाठी मारला जातो आहे की त्या सर्जननं नळीतून एकही टाका कधी घातलेला नाही, हे मला पटत नाही. ग्लू ही फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन यांची गुठळी आहे. काही दिवसांत ती विरघळते. तोवर ड्युरा भरून आला तर ठीक. मध्येच पेशंटला जोराचा खोकला आला किंवा संडासला कुंथावं लागलं, तर त्या गुठळीच्या भरवशावर किती राहायचं? शिवाय ग्लूचा एक डबा हजारो रुपयांचा असतो आणि ते पैसे पेशंटच्या खिशातून जातात.

नळीतून जमलंच नाही, तर छेद वाढवून शिवावं. त्यात कमीपणा नाही. पेशंटनं आपल्याला छोट्या छेदासाठी निवडलेलं नसतं, पाय मोकळे व्हावेत म्हणून निवडलेलं असतं.

म्हणून सराव. आमच्याकडे शिकणाऱ्यांसाठी एक साधी सोय आहे. एका डब्याच्या तळाशी सर्जिकल ग्लोव्हचा रबर ताणून बसवलेला, त्यावर जुनी नळी घट्ट धरलेली, आणि रबरावर ब्लेडनं मारलेली चीर. रबर ड्युरापेक्षा जास्त ताणतो, पण गाठ किती आवळायची हे तो चांगलं शिकवतो. पहिल्या दिवशी सगळ्यांची सुई नळीच्या भिंतीला अडते, दुसऱ्या आठवड्यात कमी अडते. मायक्रोस्कोप मिळाला तर त्याखाली, नाहीतर लूप, म्हणजे भिंगाचा चष्मा, लावून. हा सराव ड्युरा फाटण्याच्या आधी व्हायला हवा. ज्या दिवशी तो फाटतो त्या दिवशी टेबलावर कुणीतरी माणूस असतं. आणि सराव एकट्या सर्जनचा नको. सिस्टरना बारीक सुई लांब होल्डरवर कशी पकडून द्यायची, नॉट पुशर कुठल्या ट्रेमध्ये आहे, ग्लू तयार व्हायला किती वेळ लागतो, हे ठाऊक हवं. माझ्या ओ.टी.त दर ऑपरेशनला एक छोटी ट्रे वेगळी निर्जंतुक करून ठेवलेली असते. बहुतेक वेळा ती न उघडताच परत जाते. तरी ती ठेवण्याबद्दल सिस्टरांनी आजवर कंटाळा केलेला नाही, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

ड्युराच्या भोकानं काय होतं हे वैद्यकाला सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. 1898 मध्ये जर्मनीतल्या कील इथं ऑगस्ट बीर या सर्जननं मणक्यात कोकेनचं इंजेक्शन देऊन भूल देण्याचा प्रयोग केला. स्वतःच्या पाठीतही सुई टोचून घेतली. पुढचे काही दिवस त्याला आडवं पडून राहावं लागलं, कारण उठलं की डोकं ठणकायचं आणि आडवं झालं की थांबायचं. पाणी गळून गेल्यानं हे होत असावं, हा त्याचा अंदाज बरोबर निघाला. आजही वॉर्डात मी पेशंटला पहिला प्रश्न हाच विचारतो: उठल्यावर डोकं दुखतं का, आणि आडवं झाल्यावर थांबतं का? ‘हो’ असं उत्तर आलं तर ते हलक्यात घेत नाही. मळमळ, कानात आवाज, जखमेवरची पट्टी ओली होणं, पाठीत मऊ फुगवटा, यांतलं काही सोबत असेल तर आणखीच नाही. जखमेतून बाहेर येणारं पाणी जंतूंना आत येण्याची वाट करून देतं आणि मेनिंजायटिसची भीती उभी राहते. क्वचित, फार पाणी गेलं तर, मेंदूभोवती रक्तस्रावही होऊ शकतो.

आधीच्या पिढीत ड्युरा फाटला की पेशंटला आठवडाभर सपाट झोपवून ठेवत. नीट शिवलेल्या फटीसाठी मी एवढं करत नाही. एक रात्र सपाट, दुसऱ्या दिवशी उशी देऊन हळूहळू वर, मग बसणं, मग चालणं. वयस्क माणसाला आठवडाभर झोपवलं तर पायात गुठळ्या, छातीत कफ, लघवीचा संसर्ग, अशी नवी दुखणी जडतात. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून औषध मात्र पहिल्या दिवसापासून.

काकूंच्या मुलाला ओ.टी.बाहेर येऊन सांगितलं. त्यानं विचारलं, “पाणी आलं म्हणजे मेंदूचंच का साहेब?” हो, मेंदूचं आणि मणक्याचं पाणी एकच असतं, असं सांगून कागदावर चित्र काढून दाखवलं. फट कुठं होती, कशी शिवली, आज रात्री का झोपून राहायचं. दुसऱ्या दिवशी काकूंनाही तेच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “शिवलंय न्हवं? मग झालं की.” डोकं दुखलं नाही, जखम कोरडी राहिली. टाके काढायला आल्या तेव्हा पार्किंगपासून माझ्या खोलीपर्यंत कुठं न टेकता आल्या होत्या. ड्युरा फाटल्याचं पेशंटला सांगायचं टाळणारेही आहेत. न सांगण्यानं पेशंटची भीती वाचते असं त्यांना वाटतं. मला वाटतं, घरी गेल्यावर डोकं दुखायला लागलं आणि का दुखतंय याची कल्पनाच नसली, तर भीती कितीतरी मोठी असते, आणि तो पेशंट डोकेदुखीची गोळी घेत चार दिवस घालवतो.

आता एंडोस्कोपीची लाट आहे. दोन छोट्या छेदांतून, सतत सलाइन सोडत काम करण्याच्या पद्धतीला तरुण सर्जन मोठ्या उत्साहानं जवळ करत आहेत आणि तिचे फायदे खरे आहेत. पण तिथं फटीचा प्रश्न आणखी बिकट आहे. पाण्याखाली काम चाललेलं असल्यानं आतलं पाणी सुटलेलं दिसतच नाही. ड्युराच्या मधल्या घडीला धरून ठेवणारे बारीक बंध ओढले जाऊन तो फाटतो, आणि सलाइनचा दाब बाहेरून असल्यानं गळती त्या वेळी झाकलेली राहते. उलट सलाइनच फटीतून आत शिरू शकतं. अशा वेळी सलाइनचा दाब ताबडतोब उतरवायचा असतो. पेशंट जागा असेल तर मान दुखते म्हणतो, डोकं जड झालं म्हणतो. झोपलेला असेल तर भूलतज्ज्ञाचं रक्तदाबाकडे लक्ष हवं. बंद करायला चिकटणारे पॅच आणि छोट्या क्लिपा निघाल्या आहेत. त्या मी वापरतो, पण पाण्याखाली टाका घालण्याचा सराव सध्या आम्ही सगळेच नव्यानं करत आहोत.

काकूंच्या फाइलमधली ऑपरेशनची नोंद मी शिकणाऱ्यांना वाचायला देतो. ‘ड्युरा फाटला, दुरुस्त केला’ एवढ्यावर ती थांबत नाही. फट कुठल्या पातळीवर, कुठल्या बाजूला, किती लांब, अरॅक्नॉइड फाटला का, नसा बाहेर आल्या होत्या का, टाके किती आणि कोणत्या धाग्याचे, वरून काय ठेवलं, वल्साल्वा किती दाबापर्यंत, त्यानंतर कोरडं होतं का, हे सगळं तिच्यात आहे. उद्या काकूंना त्याच जागी पुन्हा ऑपरेशन लागलं आणि ते दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या कुणा सर्जननं केलं, तर चिकटलेल्या ड्युराकडे कुठल्या बाजूनं जायचं नाही, हे त्याला त्या कागदावरूनच कळणार आहे. त्या नोंदीची एक प्रत मी पेशंटच्या हातात देतो आणि त्यांच्या मुलांना सांगतो, एमआरआयच्या पाकिटातच ठेवा.